यादी लागण्यापूर्वी

आपल्याकडे जून-जुलैत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी प्रवेशाच्या यादीची. पावसाआधी शेतकरी खुणा वाचतो. कावळ्याने घरटे कुठल्या फांदीवर बांधले, मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्या, पावशा ओरडला की नाही, हे तो बघत असतो. बारावी झालेल्या मुलाचे आईवडीलही तसेच खुणा वाचत असतात. शेजारच्या मुलाला पत्र आले का? कार्यालयात आज उशिरापर्यंत दिवे का होते? मागच्या वर्षी कितीला बंद झाले? कुठल्या ब्रँचला गर्दी आहे? पावसाच्या खुणांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. यादीच्या खुणांवर फारसे कोणी बोललेले नाही. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

मी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून लागलो आणि पुढे पुष्कळ वर्षे दर उन्हाळ्यात प्रवेश समितीच्या टेबलामागे बसलो. त्या टेबलावरून समोरच्या रांगेतले चेहरे दिसायचे. कोण कशावरून काय अंदाज बांधतो, हेही कळायचे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लोक कोणत्या खुणा वाचतात हे पाहिले, की त्या काळी माहिती कोणाच्या हातात होती हे समजते. म्हणून या खुणांचा इतिहास हा माहिती कोणाला मिळत होती आणि कोणाला मिळत नव्हती, याचाही इतिहास आहे.

सुरुवात अगदी मुळापासून करू. पुण्यात १८५४ साली एक छोटी शाळा निघाली. तिचे नाव ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे, इमारती उभारण्यासाठी दुय्यम अधिकारी हवे होते, त्यांना शिकवण्यासाठी ती काढली होती. हीच शाळा पुढे ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाली, १९११ साली ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग’ झाली आणि २०२२ साली तंत्रज्ञान विद्यापीठ झाली. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना १८८७ची. आज आपण तिला वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था म्हणतो.

त्या काळात या संस्थांच्या दारात आजच्यासारखी रेटारेटी नव्हती. खरी धाकधूक असायची ती बाहेर पडताना. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे उदाहरण घ्या. बंगळूरला बी.ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. १८८३ साली एल.सी.ई.च्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून लागले. पहिली नेमणूक नाशिकला झाली. त्यांच्या पिढीला वाट पाहावी लागे ती परीक्षेच्या निकालाची आणि त्यामागून येणाऱ्या नेमणुकीची. प्रवेश ही काळीज धडधडण्याची गोष्ट झाली ती नंतर.

ती झाली स्वातंत्र्यानंतर. धरणे, वीजघरे, पोलाद कारखाने यांचा काळ आला आणि इंजिनियर या शब्दाला घराघरांत वजन आले. पण दारे किती होती? पुणे आणि मुंबईची जुनी दोन. सांगलीचे १९४७ सालचे, जे पुढे वालचंद कॉलेज झाले. कऱ्हाड आणि तेव्हाचे औरंगाबाद इथली सरकारी महाविद्यालये १९६०ची. नागपूरचे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयही १९६०चे. मुंबईत अंधेरीला सरदार पटेल महाविद्यालय १९६२ साली आले आणि अमरावतीचे सरकारी महाविद्यालय १९६४ साली. पवईची आयआयटी १९५८ची, पण ती सगळ्या देशाची. एवढ्या मोठ्या राज्याला दोन-अडीच दशके मुख्यतः एवढ्याच दारांवर भागवावे लागले. इंटर सायन्स झालेला आणि पुढे बारावी झालेला मुलगा या दारांशी अर्ज घेऊन उभा राहायचा. जिथे जिथे जाण्याची इच्छा, तिथे तिथे वेगळा अर्ज. प्रत्येक अर्जासोबत गुणपत्रिकेची खरी नक्कल, जन्मदाखला, रहिवासाचा दाखला आणि तिकीट लावलेला, स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा.

मग सुरू व्हायचे वाट पाहणे. त्या वेळच्या सगळ्या खुणा माणसांच्या भोवती होत्या. पहिला पोस्टमन. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की घरातली माणसे दाराशी यायची. पत्राच्या जाडीवरून अंदाज बांधला जायचा. जाड पाकीट म्हणजे आत फीचा तक्ता, वसतिगृहाचे नियम, वैद्यकीय तपासणीचा नमुना, म्हणजेच प्रवेश. पातळ पाकीट म्हणजे एका कागदावर दिलगिरी. ही खूण बहुतेक वेळा खरी ठरायची, कारण तिच्यामागे साधे कारण होते. नाकारलेल्या मुलाला वसतिगृहाचे नियम कोण पाठवणार?

दुसरी खूण कार्यालयातला शिपाई. यादी टंकलेखकाकडे गेली की नाही, स्टेन्सिल कापून झाले की नाही, सायक्लोस्टाइल यंत्राची शाई आणली का, हे सगळे त्याला ठाऊक असायचे. ‘आज प्राचार्यांची सही झाली,’ एवढे त्याने म्हटले, की आवारात पन्नास माणसे जमायची. तिसरी खूण नोटीस बोर्डाची. त्याला जाळीचे दार आणि कुलूप असे. जुने कागद काढून बोर्ड मोकळा केलेला दिसला, की आज काहीतरी लागणार हे नक्की. आणि चौथी खूण, जिच्याबद्दल उघड बोलले जात नसे, ती म्हणजे ओळख. आतल्या कोणाच्या तरी साडूचा मेहुणा. या ओळखीने प्रवेश मिळायचा असे मी म्हणत नाही. पण यादी कधी लागणार, आपला क्रमांक साधारण कुठे आहे, दुसरी यादी निघेल का, हे दोन दिवस आधी कळायचे. वाट पाहणाऱ्याला दोन दिवस म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

पण या सगळ्यांहून महत्त्वाची एक खूण होती, आणि ती फार थोड्या लोकांना वाचता यायची. ती होती दुसऱ्याची यादी.

हे जरा नीट सांगतो. बारावीला पुष्कळ हुशार मुले गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेत. ती इंजिनियरिंगलाही अर्ज करीत आणि मेडिकललाही. दोन्हीकडे नाव लागले, तर त्यातली बरीच मेडिकलला जात. काही मुले आयआयटीला जात, काही नागपूरला किंवा दुसऱ्या राज्यातल्या प्रादेशिक महाविद्यालयात. म्हणजे आमच्या पहिल्या यादीत वरच्या क्रमांकावर दिसणारी कित्येक मुले प्रत्यक्षात येणारच नसत. समजा एका शाखेला साठ जागा आहेत आणि साठ नावांखाली प्रतीक्षा यादी आहे. मेडिकलची यादी लागली, की या साठातले काहीजण निघून जाणार, आणि तेवढी नावे प्रतीक्षा यादीतून वर सरकणार. नंतर एखाद्याला दुसऱ्या गावी हवी ती शाखा मिळणार, पुन्हा नावे सरकणार. कोणी फी भरायला येतच नाही, पुन्हा सरकणार. ज्याला ही यंत्रणा माहीत होती, तो बाप आमच्या नोटीस बोर्डाकडे फारसे बघत नसे. तो मेडिकल कॉलेजच्या बोर्डापाशी जाऊन उभा राही. तिथे इंजिनियरिंगच्या यादीतली ओळखीची नावे दिसली, की शांतपणे घरी जाऊन चहा घेई. मुंबई-पुण्यातल्या शिकलेल्या घरांत हे ज्ञान थोरल्या भावाकडून धाकट्याला, काकांकडून पुतण्याला आपोआप मिळायचे. त्याचे पुस्तक नव्हते आणि कुठल्या माहितीपत्रकात ते छापलेले नसे.

ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी बारावीपुढे जात होते, त्याचे काय? मी नोकरीला लागलो त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली एक फाईल मला आठवते. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा मुलगा. गुण चांगले होते. प्रतीक्षा यादीत त्याचा क्रमांक तेविसावा. वडील त्याला घेऊन एस.टी.ने आले, बोर्डावर क्रमांक पाहिला आणि परत गेले. बावीस जण आपल्यापुढे आहेत, म्हणजे आपला नंबर लागत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. कोणाही सरळ माणसाने तोच लावला असता. मुलाने तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातले. इकडे मेडिकलची यादी लागली आणि आमची यादी सरकत सरकत तेविसाच्या पलीकडे गेली. त्या मुलाला पत्र गेले. ते पोचले तेव्हा फी भरण्याची मुदत टळून गेली होती. जागा त्याच्यानंतरच्या मुलाला मिळाली. तो मुलगा शहरातला होता आणि रोज येऊन बोर्ड बघत होता. फाईलमध्ये वडिलांचे नंतर आलेले पत्र लावलेले होते. त्यात तक्रार नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल का, एवढेच विचारले होते.

यात कोणी नियम मोडला नव्हता. यादी गुणांप्रमाणेच लागली होती, पत्रही वेळेवर टपालात पडले होते. तरी त्या मुलाची जागा गेली, आणि ती गुणांमुळे गेली नाही. प्रतीक्षा यादी सरकते, हे एक वाक्य त्याच्या घरात कोणाला माहीत नव्हते, म्हणून गेली. तेव्हापासून गुणवत्ता यादी हा शब्द ऐकला की मला तिच्याखालची, न छापलेली दुसरी यादी दिसते. ती म्हणजे यादी वाचता येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची.

१९८३ साली चित्र बदलले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी महाराष्ट्रातली मुले मोठ्या संख्येने कर्नाटकात जात असत. ती जाणार असतील तर इथेच शिकू द्यावीत, हा त्यामागचा एक विचार होता. पाहता पाहता जागा वाढल्या. ग्रामीण भागात, साखर कारखान्यांच्या परिसरात महाविद्यालये उभी राहिली. ज्या घरातून कोणी इंजिनियर झाले नसते, अशा हजारो घरांत पदवी पोचली, हे मान्य करायला हवे. त्याच काळात ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठीत रुळला, हेही विसरता येत नाही.

कारण आता खुणांना किंमत लागली. देणगी, डोनेशन, कॅपिटेशन फी, नावे अनेक होती. आधीच्या काळात शिपाई फक्त यादी कधी लागणार हे सांगायचा. आता मधला माणूस आला आणि तो यादीत नाव लागेल की नाही हे सांगू लागला. ‘सरकारीची वाट बघत बसाल तर ही जागाही जाईल. आज अर्धे भरा, उद्या भाव वाढेल.’ हे वाक्य त्या वर्षांत किती कानांवर पडले असेल! ते चाले, कारण सरकारी यादी कुठवर सरकेल हे वडिलांना माहीत नसे, आणि मधल्या माणसाला ते माहीत नसणेच हवे असे. कित्येकांनी जमिनीचा तुकडा विकून, दागिने मोडून जूनमध्ये पैसे भरले आणि ऑगस्टमध्ये सरकारी महाविद्यालयाचे पत्र आले. अशी माणसे फी भरायला येत, तेव्हा हातात पत्र असे, पण चेहऱ्यावर आनंद नसे. भरलेले परत मिळेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

राज्याने १९८७ साली कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा केला. पण मोठा बदल झाला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. १९९३च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी महाविद्यालयांतल्या जागांची विभागणी केली. निम्म्या ‘फ्री’ जागा सरकारी फीच्या, निम्म्या ‘पेमेंट’ जागा जास्त फीच्या, आणि दोन्ही गुणानुक्रमेच भरायच्या. मधल्या माणसाचा धंदा एकदम बंद पडला असे नाही, पण त्याच्या हातातला मोठा पत्ता गेला. पुढे २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या घटनापीठाने टी. एम. ए. पै खटल्यात ही विभागणी रद्द केली. २००३च्या इस्लामिक अ‍ॅकॅडमी निकालाने फी आणि प्रवेश यांवर देखरेख करणाऱ्या समित्या आणल्या. २००५ साली इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आपला कोटा लादता येणार नाही, असा निर्णय झाला. या वर्षांतल्या काही उन्हाळ्यांत पालक कॉलेजच्या बोर्डाऐवजी कोर्टाच्या तारखांवर लक्ष ठेवून असत. ‘सुनावणी पुढे ढकलली’ ही वर्तमानपत्रातली ओळ म्हणजे त्या वर्षीची खूण. ती वाचली, की या महिन्यात यादी नाही हे समजायचे.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट मात्र शांतपणे घडत गेली. अर्ज एकत्र झाले. प्रत्येक महाविद्यालयाला वेगळा अर्ज करण्याची पद्धत मागे पडली आणि राज्याची एक गुणवत्ता यादी, एक केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया अशी व्यवस्था आली. मुलांना गुणानुक्रमे सभागृहात बोलावले जाई. भिंतीवर तक्ता असे. कुठल्या महाविद्यालयात, कुठल्या शाखेत किती जागा शिल्लक आहेत, ते त्यावर लिहिलेले असे. एकाने जागा घेतली, की आकडा एकाने कमी होई. रांगेतल्या मुलाला आपल्या डोळ्यांनी दिसे, की इलेक्ट्रॉनिक्सच्या चार उरल्या आहेत आणि माझ्यापुढे सहाजण आहेत. छाती धडधडायची, पण अंधारात नव्हे. साडूच्या मेहुण्याला त्या सभागृहात काही काम उरले नव्हते.

तिथूनच लोकांना आकडे वाचायची सवय लागली. ‘मागच्या वर्षी कितीला बंद झाले?’ या प्रश्नाने माहितीच्या मोठमोठ्या पुस्तिका भरू लागल्या. पण आकडा वाचण्यातही खाचखळगे असतात. पालक सहसा टक्के बघत. मागच्या वर्षी नव्वदला बंद झाले आणि आपल्याला एक्याण्णव आहेत, म्हणजे झालेच, असे धरून चालत. पण पेपर सोपा गेला तर सगळ्यांचेच गुण वाढतात, अवघड गेला तर सगळ्यांचे घटतात. जागा मात्र एका वर्षात एवढ्या बदलत नाहीत. म्हणून टक्क्यांपेक्षा गुणवत्ता यादीतला क्रमांक ही अधिक भरवशाची खूण. मागच्या वर्षी अमुक शाखा तीन हजाराव्या क्रमांकाला बंद झाली असेल आणि यंदा तुमचा क्रमांक अडीच हजार असेल, तर निर्धास्त राहायला काही आधार आहे. त्यातही आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांसाठी सत्तर टक्के आणि बाहेरच्यांसाठी तीस टक्के, अशी जागांची वाटणी होती. त्यामुळे एकाच शाखेचे दोन वेगळे कटऑफ असत. आरक्षणाच्या प्रवर्गांचे आणखी वेगळे. शेजारच्या मुलाचा आकडा आपल्याला लागू पडेलच असे नाही, हे टेबलावरून समजावून सांगण्यात आमचा निम्मा वेळ जायचा.

आयआयटीची गोष्ट थोडी निराळी. तिथली संयुक्त प्रवेश परीक्षा साठच्या दशकाच्या सुरुवातीपासूनची. एकदा रँक कळली की पुढचा हिशोब सरळ असे. पण त्या रँकपर्यंत पोचण्याचा मार्ग पडद्याआड होता. उत्तरपत्रिकेत किती गुण मिळाले, कोणत्या विषयात किती कमी पडले, हे मुलाला कळत नसे. १९९७ साली तर पेपर फुटल्यामुळे परीक्षा पुन्हा घ्यावी लागली आणि मुलांना सगळे वाट पाहणे दोनदा करावे लागले. पडद्याला मोठे भोक पडले ते माहितीच्या अधिकारामुळे. महाराष्ट्राने आपला माहिती अधिकार कायदा २००२ साली केला आणि देशाचा २००५ साली आला. २००६च्या आयआयटी परीक्षेत विषयवार कटऑफ कसे ठरवले, ही माहिती या कायद्याखाली मागितली गेली आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार आहे, असा निकाल एका वेगळ्या खटल्यात दिला. आज जेईई मेनची उत्तरतालिका आधी जाहीर होते, मुलाने नोंदवलेली उत्तरेही त्याला दिसतात, आणि एखादे उत्तर चुकले आहे असे वाटले तर शुल्क भरून हरकत घेता येते. माझ्या पिढीला हे स्वप्नासारखे वाटले असते.

जुन्या खुणा एकेक करून गेल्या. तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. सायक्लोस्टाइल यंत्र भंगारात गेले. नोटीस बोर्ड आहे, पण त्याच्यापुढे कोणी उभे नसते. राज्याच्या प्रवेशाची परीक्षाही बदलत गेली. दोन हजार सालानंतर आलेली सीईटी २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी बाजूला ठेवून प्रवेशासाठी जेईई मेन धरली गेली, आणि २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. २०१९ पासून ती संगणकावर अनेक सत्रांत होऊ लागली, आणि गुणांऐवजी पर्सेंटाइल आले, दशांश चिन्हापुढे सात आकडे असलेले. आता मुले त्या सात आकड्यांत भविष्य बघतात. कुठल्या सत्राचा पेपर अवघड होता, कोणत्या क्लासचे उत्तर काय आले, मोबाइलवर कोणाच्या पडद्याचा फोटो आला, या आजच्या मुंग्या आणि हेच आजचे कावळे.

आणि पुन्हा एकदा, सगळी माहिती उघडी असताना, वाचता येणारे आणि न येणारे असे दोन गट झालेच आहेत. आता ते दिसतात पसंतीक्रमाच्या फॉर्ममध्ये. आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित जागावाटपाची पद्धत २०१५ पासून आहे. तिथे मनापासून हवे ते वर लिहिले तर नुकसान होत नाही. वरचे नाही मिळाले तर यंत्र आपोआप खालचे बघते, आणि तुमच्याहून कमी रँकचा मुलगा तुमची जागा अडवून बसत नाही. तरीही घाबरून, ‘मिळणारच नाही’ म्हणून, आवडीची शाखा खाली लिहिणारी मुले असतात. राज्याच्या प्रक्रियेत नियम वेगळे. पहिल्या पसंतीची जागा मिळाली, की ती पक्की समजली जाते आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणजे तिथे पहिल्या ओळीत काय लिहायचे याचा विचार आणखी काळजीने करायला हवा. शहरातला मुलगा हे समुपदेशकाला हजारो रुपये देऊन विचारतो. गावातला मुलगा सायबर कॅफेवाल्याला विचारतो, आणि तो बिचारा रेशनकार्डापासून पीकविम्यापर्यंत पन्नास फॉर्म भरत असतो. तेविसाव्या क्रमांकाच्या मुलाचा प्रश्न चाळीस वर्षांनी वेश बदलून पुन्हा उभा राहतो तो असा.

मधल्या काळात असेही झाले, की २०१०च्या दशकात राज्यात हजारो जागा रिकाम्या राहिल्या आणि काही महाविद्यालये बंद पडली. मग लोक म्हणू लागले, आता कसली वाट पाहायची, मागेल त्याला जागा आहे. पण जागा मिळणे आणि हवी ती जागा मिळणे यांत अंतर असते. संगणकाच्या शाखांपुढे पुन्हा तशीच रांग लागली आणि त्या रांगेत पुन्हा तीच कुजबूज सुरू झाली.

म्हणून मला वाटते, वाट पाहणाऱ्यांना धीर धरा असे सांगून भागत नाही. माणूस दोन महिने थांबू शकतो. त्याला सोसत नाही ते, आपण रांगेत कुठे उभे आहोत आणि रांग कशी पुढे सरकते हे माहीत नसणे. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत आपल्याकडे प्रवेशाच्या पद्धतीत जी खरी सुधारणा झाली, ती दरवेळी कोणाच्या तरी खिशातली माहिती काढून भिंतीवर लावल्यामुळे झाली. कधी ती कोर्टाने काढली, कधी कायद्याने, कधी एखाद्या चिकाटीच्या अर्जदाराने.

आमच्या समितीत पुढे एक छोटा बदल झाला. यादीच्या खाली, टंकलेखकाच्या भाषेत ‘टीप’ म्हणून, तीन ओळी घालायला सुरुवात झाली. प्रतीक्षा यादीतील क्रमांक वर सरकतात. वैद्यकीय प्रवेशांनंतर पुढील यादी अमुक तारखेस लागेल. लांबच्या उमेदवारांनी त्या तारखेनंतर कार्यालयास पत्राने अथवा फोनने विचारावे. या ओळी मराठीत असत आणि ठळक असत. त्यांना खर्च काही आला नाही. पण त्या वर्षापासून दुसऱ्या यादीच्या दिवशी एस.टी.ने येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि ‘मुदत संपली’ असा शेरा मारून बंद केलेल्या फायली कमी झाल्या.